सीआरआर घटला म्हणजे बँकांचं कर्जवाटप आपोआप वाढतं? पुस्तकातलं गणित आणि रिझर्व्ह बँकेचं काम यात फरक का आहे

६ जून २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी एकाच दिवशी दोन मोठे निर्णय जाहीर केले. रेपो दर अर्ध्या टक्क्याने कमी करून ५.५० टक्के केला. आणि सीआरआर, म्हणजे बँकांनी ठेवींचा जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवायचा असतो तो, चार टप्प्यांत ४ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. यामुळे बँकांकडे सुमारे अडीच लाख कोटी रुपये मोकळे होतील, असं सांगण्यात आलं.

अर्थशास्त्र घेऊन बीए करणाऱ्या विद्यार्थ्याला ही बातमी वाचून लगेच एक सूत्र आठवेल. १ भागिले ०.०४ म्हणजे २५. १ भागिले ०.०३ म्हणजे साधारण ३३. म्हणजे तेवढ्याच राखीव रकमेवर आता एक तृतीयांश जास्त ठेवी तयार व्हायला हव्यात.

प्रत्यक्षात देशातल्या बँकांच्या ठेवी अशा एक तृतीयांशाने फुगल्या नाहीत. मग चुकलं काय? गणित बरोबर आहे. पण बँका त्या गणिताप्रमाणे चालत नाहीत.

पुस्तकात काय शिकवतात?

स्थूल अर्थशास्त्राच्या पेपरात दोन गोष्टी हमखास येतात. पहिली, पैसा गुणक. लोक बँकेत पैसे ठेवतात, बँक त्यातला थोडा राखून उरलेला कर्जाऊ देते, तो पैसा दुसऱ्या बँकेत ठेव म्हणून येतो, आणि साखळी पुढे चालू राहते.

दुसरी, आयएस-एलएम. जॉन हिक्स यांनी १९३७ साली केन्सचे विचार समजावताना ही आकृती मांडली. यात मध्यवर्ती बँक पैशाचा पुरवठा ठरवते आणि त्यावरून बाजारात व्याजदर ठरतो, असं गृहीत धरलेलं असतं.

दोन्हींचा अर्थ एकच: आधी पैसा, मग व्याजदर आणि कर्ज.

बँकेत खरोखर काय होतं?

समजा एखाद्या बँकेने ५० लाखांचं गृहकर्ज मंजूर केलं. त्यासाठी कुणाच्या ठेवीतून ५० लाख काढून बाजूला ठेवले जात नाहीत. ती रक्कम बिल्डरच्या खात्यात जमा होते. म्हणजे एकीकडे नवं कर्ज आणि दुसरीकडे नवी ठेव, दोन्ही एकाच वेळी जन्माला येतात. बिल्डरचं खातं दुसऱ्या बँकेत असेल तर पहिल्या बँकेला तेवढी रोकड जुळवावी लागते. त्या रोकडीची किंमत काय, हे रेपो दरावरून ठरतं.

मग बँका वाटेल तेवढी कर्जं का देत नाहीत? कारण कर्ज मागणारा हवा, त्याची फेडायची ऐपत हवी, बँकेकडे पुरेसं भांडवल हवं आणि व्यवहारात नफा हवा. मोकळी रोकड ही त्या यादीतली फक्त एक गोष्ट आहे.

बँक ऑफ इंग्लंडने २०१४ च्या आपल्या तिमाही पत्रिकेत हे स्पष्ट लिहिलं होतं. बँका फक्त ठेवीदारांचा पैसा पुढे देतात किंवा मध्यवर्ती बँकेच्या पैशाला गुणत जातात, हा गैरसमज असल्याचं त्यात म्हटलं होतं.

अमेरिकेत काय दिसलं?

२००८ च्या संकटानंतर फेडरल रिझर्व्हने प्रचंड रोखेखरेदी केली. तिचा ताळेबंद सुमारे ९० हजार कोटी डॉलरवरून २०१४ अखेर साडेचार लाख कोटी डॉलरच्या आसपास गेला. गुणकाच्या हिशेबाने महागाईचा भडका उडायला हवा होता. पण त्या काळात महागाई बहुतांश २ टक्क्यांच्या लक्ष्याखालीच राहिली. बँकांनी ती रोकड फेडकडेच ठेवली आणि त्यावर व्याज घेतलं.

मार्च २०२० मध्ये तर फेडने राखीव रकमेची सक्तीच शून्यावर आणली. शून्याने भागायचं कसं? सूत्राचा तिथे अर्थच उरला नाही. २०२१ मध्ये फेडच्याच अर्थतज्ज्ञांनी शिक्षकांसाठी लेख लिहून पैसा गुणक शिकवणं थांबवायला सुचवलं.

रिझर्व्ह बँक काय करते?

ती आधी दर ठरवते. चलनविषयक धोरण समिती महागाईचं ४ टक्क्यांचं लक्ष्य समोर ठेवून रेपो दर ठरवते. मग बँका एकमेकांना एका रात्रीसाठी ज्या दराने पैसे देतात, तो दर रेपोच्या जवळ राहील एवढी रोकड रिझर्व्ह बँक बाजारात सोडते किंवा काढून घेते. म्हणजे क्रम उलटा आहे: आधी दर, मग त्याला साजेसा पैसा. ऑलिव्हिए ब्लाँशार यांच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकानेही सातव्या आवृत्तीत चढती एलएम रेषा सोडून आडवी रेषा घेतली, ती याचमुळे.

मग जुनं सगळं टाकाऊ?

नाही. सरकारी खर्च, कर आणि व्याजदर यांचा मागणीवर काय परिणाम होतो, हे समजायला आयएस रेषा आजही उपयोगी आहे. भारतात सीआरआरही शून्य नाही. या रकमेवर बँकांना व्याज मिळत नाही, त्यामुळे तो घटला की बँकांचा खर्च कमी होतो आणि दरकपात ग्राहकापर्यंत पोहोचायला मदत होते. परिणाम होतो, पण गुणाकाराने नाही, खर्चाच्या वाटेने.

सामान्य माणसाला याचं काय?

२०२५ मध्ये रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. बँकांची बदलत्या व्याजदराची नवी गृहकर्जं १ ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाह्य दराशी जोडलेली असतात आणि किमान तीन महिन्यांतून एकदा त्यांचा दर बदलावा लागतो. पूर्ण सव्वा टक्का पोहोचला आणि व्याज ८.५० वरून ७.२५ टक्के झालं, तर २० वर्षांच्या ५० लाखांच्या कर्जाचा हप्ता सुमारे ४३,३९० वरून ३९,५२० रुपयांवर येतो. कर्ज जुन्या एमसीएलआरवर असेल तर फायदा उशिरा मिळतो. गृहवित्त कंपन्यांना हा नियम लागू नाही. अनेकदा बँक हप्ता तोच ठेवून मुदत कमी करते, तेही विचारून घ्यावं. दुसरीकडे नव्या मुदतठेवींवरचं व्याजही घटतं आणि त्याचा फटका ज्येष्ठ नागरिकांना बसतो.

परीक्षेत पैसा गुणकाचा प्रश्न आला तर सूत्र लिहावंच लागेल, मार्क त्यालाच आहेत. पण पुढच्या वेळी सीआरआर कपातीची बातमी येईल, तेव्हा 'किती लाख कोटी मोकळे झाले' यापेक्षा 'कर्ज किती स्वस्त झालं आणि ते घ्यायला कोण तयार आहे' हा प्रश्न जास्त कामाचा ठरेल.