दुसऱ्या रांगेतला वर्ग

२० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या समारंभातून अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. नांदगाव पेठेजवळ हजारेक एकरांवर सूत, कापड आणि तयार कपडे एकाच जागी व्हावेत, अशी ही योजना. दीडशे वर्षे सरकी काढून गाठी बाहेर धाडणाऱ्या वऱ्हाडाला अशा उद्योगाची गरज होतीच. आता नजर शाळांकडे वळेल. नववी-दहावीपासूनच मुलांना कामासाठी तयार करा, असे सांगितले जाईल आणि ते पालकांना पटेलही, कारण गावोगावी पदवी घेऊन पोलीस भरतीची वाट पाहणारी पोरे त्यांच्या डोळ्यांसमोर आहेत. नेमकी हीच वेळ सावध होण्याची आहे.

शाळेतूनच कामासाठी तयार करण्याचे हे आश्वासन नवे नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यालाच गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने उच्च माध्यमिकचे दहा टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि पंचवीस टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळतील असे ठरवले. तो टप्पा गाठला गेला नाही. २०२० च्या धोरणाने २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख करून देण्याचे लक्ष्य ठेवले. तेही साल मागे पडले.

अपयशाचे खापर दरवेळी निधीवर आणि यंत्रसामग्रीवर फुटते. माझ्या मते दुखणे निराळे आहे. ज्यांनी या योजना आखल्या, त्यांची स्वतःची मुले त्या वर्गांत बसली नाहीत. अकरावी-बारावीच्या व्यवसाय अभ्यासक्रमाला, म्हणजे एमसीव्हीसीला कोण गेले? बहुतांशी ज्याला सायन्सला प्रवेश मिळाला नाही तो. ‘याला सायन्स झेपणार नाही, टेक्निकलला टाका,’ हे वाक्य शिक्षक आपुलकीने बोलतात, पण ते ऐकून घरी जाणाऱ्या मुलाला आपली जागा कळलेली असते.

वऱ्हाडात तर या जखमेला इतिहास आहे. हाताचे काम इथे शतकानुशतके जन्मावरून वाटले गेले. १९२७ मध्ये ज्या दलित समाजाला अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या समाजाला ‘मुलाला हातकाम शिकवा’ हा सल्ला निरागस वाटेल कसा? डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली ती बहुजनांच्या घरात पुस्तक पोहोचावे म्हणून. त्या पुस्तकाच्या बदल्यात आज पाना-पक्कड पुढे केली, तर आईबापांनी संशय घेणे रास्तच आहे. तो दूर करायचा असेल तर दोन्ही एकाच बाकावर, सगळ्यांच्या मुलांना मिळाले पाहिजे.

हे जमते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या अभ्यासक्रमात साध्या माध्यमिक शाळेतली मुले आठवड्यातला एक दिवस कामाला देतात आणि त्या कामात सुतारकाम-जोडकाम, वीज-ऊर्जा, शेती-पशुपालन, घर-आरोग्य असे सगळेच येते. एकाच हुद्द्याचे प्रशिक्षण ते नव्हे. काम गावाच्या उपयोगाचे, शिकवायला गावातलाच जाणकार आणि त्यामागचे विज्ञान वर्गात. वेल्डिंग शिकणारा मुलगा वितळबिंदूही शिकतो.

हेच वऱ्हाडात आणून पाहा. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोटच्या गावांत विहिरीचे पाणी प्यायलाही नको आणि ओलितालाही नको. तिथल्या शाळेने विहिरीविहिरीचे पाणी तपासावे, क्षारांची नोंद ठेवावी, शेततळ्याचे माप काढावे, जळालेली मोटार उघडून वाइंडिंग करावे. रसायन, भूमिती आणि वीज, तिन्ही विषय त्यात आले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने घडवलेली मिनी दालमिल तुरीच्या पट्ट्यातल्या शाळेत का नसावी? मेळघाटात लवाद्याच्या संपूर्ण बांबू केंद्राने बांबूकामातून रोजगार उभा करून दाखवला आहे. धारणीच्या आश्रमशाळेला त्याहून जवळचा गुरू कुठे मिळणार?

शाळांतल्या व्यवसाय शिक्षणाच्या सध्याच्या योजनेत मात्र शाळेपुढे रिटेल, ब्युटी अँड वेलनेस, ऑटोमोटिव्ह अशी तयार यादी असते. हे विषय वाईट नाहीत. पण त्यांची रचना एकेका नोकरीच्या हुद्द्याभोवती आहे आणि शिकवणारे बहुतेक कंत्राटी. ज्याची स्वतःची नेमणूक पुढच्या जूनपर्यंत टिकेल की नाही ठाऊक नाही, तो गावाशी नाते कसे जोडणार? शिवाय एका यंत्राची एकच शिवण पक्की झालेला मुलगा यंत्र बदलले की रिकामा होतो. त्याला गणित आणि यंत्रचित्र वाचता आले, तर तो तेच यंत्र बसवणारा, दुरुस्त करणारा होतो. दहावीला गणिताची सूट देऊन कौशल्य देणारी शाळा त्याचा पॉलिटेक्निकचा रस्ता आपल्या हाताने अवघड करते आणि चाकण-रांजणगावच्या कंत्राटदाराकडे त्याला सोपवते.

अमरावती-अकोल्यातल्या शाळा व्यवस्थापन समित्यांनी नवी यंत्रे मागण्याआधी व्यवसाय विषयाच्या वर्गाचा पट मागवावा आणि त्यात गावच्या डॉक्टरचे, शिक्षकाचे, अडत्याचे मूल आहे का ते पाहावे. एकही नसेल, तर आधी त्याच शिक्षकांना आणि अडत्यांना बैठकीला बोलावून कारण विचारावे.