इंग्रजी गौणवाक्यें कशीं शिकावीं ?

इंग्रजीचा नुकताच श्रीगणेशा केलेल्या विद्यार्थ्यास केवल वाक्यें फारशीं जड जात नाहींत. कर्ता, क्रियापद व कर्म हा क्रम एकदां अंगवळणीं पडला म्हणजे तो लहान लहान वाक्यें धीटपणें बोलूं लागतो. त्याची गाडी अडते ती गौणवाक्यापाशीं. याचें कारण विद्यार्थ्याच्या बुद्धींत नसून शिकविण्याच्या रूढ रीतींत आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. प्रथम नामवाक्य, विशेषणवाक्य व क्रियाविशेषणवाक्य यांच्या व्याख्या पाठ करावयाच्या आणि मग वाक्यपृथक्करणाचे रकाने भरावयाचे ! परीक्षेंत गुण मिळतात. परंतु “मी आजारी होतों म्हणून काल आलों नाहीं” एवढें इंग्रजींत सांगण्याची वेळ आली कीं तोच विद्यार्थी मान खालीं घालून उभा राहतो.

वस्तुतः गौणवाक्य ही त्यास नवी गोष्ट नाहीं. गिरगांवांतील चाळीच्या अंगणांत खेळणारें मूल “जो आधीं येईल त्याचा पहिला डाव” असें म्हणतें, तेव्हां तें विशेषणवाक्यच योजितें. “पाऊस थांबला तर चौपाटीवर जाऊं” यांत क्रियाविशेषणवाक्य आलें, आणि “बाबा म्हणाले कीं आज उशीर होईल” यांत नामवाक्य. जें मुलाच्या जिभेवर आहे तें त्याच्या नजरेस आणून द्यावें, आणि इंग्रजीची मांडणी कोठें निराळी आहे तेवढेंच शिकवावें. अशीं स्थळें मुख्यतः पांच आहेत.

पहिलें, मराठींत जेव्हां-तेव्हां, जरी-तरी अशा जोड्या चालतात. इंग्रजीस बहुधा एकच शब्द पुरतो. म्हणून “दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट” असें मूल लिहितें; त्यांतील “बट” काढला कीं वाक्य शुद्ध झालें. दुसरें, “काल आलेला मुलगा” असें आम्ही विशेषण नामाआधीं ठेवितों. इंग्रजींत “द बॉय हू केम येस्टरडे” असें गौणवाक्य नामामागून येतें. तिसरें, “तो येईल तेव्हां मी जाईन” यांत दोन्हीं ठिकाणीं भविष्यकाळ आहे. परंतु इंग्रजींत “व्हेन ही कम्स” असा वर्तमानकाळ योजावा लागतो. चौथें, “तो कोठें आहे ?” हा प्रश्न मोठ्या वाक्यांत शिरला तरी मराठींत शब्दांचा क्रम बदलत नाहीं, इंग्रजींत मात्र “व्हेअर इज ही” याचें “व्हेअर ही इज” होतें. पांचवें स्थळ सर्वांत अवघड. “मी उद्यां येईन, असें गोपाळ म्हणाला” यांत गोपाळाचे शब्द आम्ही जसेच्या तसे ठेवितों. इंग्रजी अप्रत्यक्ष कथनांत पुरुष, काळ व दिवस हीं तिन्ही बदलून “गोपाळ सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे” असें होतें. हें शेवटीं शिकवावें.

मराठी मध्यें आणल्यानें इंग्रजी बिघडेल, असा आक्षेप कोणी घेतील. परंतु मूल मनांत तुलना करीतच असतें. ती उघडपणें व नीट करविणें बरें. या शहरास हें नवें नाहीं. मुंबईंत जन्मलेले दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर मराठीचें व्याकरण रचून १८३६ सालीं प्रसिद्ध केलें. आज मराठींत गौणवाक्यापाशीं आम्ही जो स्वल्पविराम देतों, तोही इंग्रजीकडून आलेला. अशीं चिन्हें रूढ करण्यांत मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वांटा आहे. पुढें तर्खडकरांच्याच नांवाच्या भाषांतर पाठमालेनें घरोघरीं इंग्रजी पोंचविलें. इंग्रजीच्या साह्यानें मराठीचें व्याकरण उजळलें, तर मराठीच्या साह्यानें इंग्रजीचें कां उजळूं नये ?

हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाहीं. ज्या घरीं इंग्रजी बोललें जातें, तेथील मुलास हीं वाक्यें ऐकूनच येतात. परळ-लालबागचीं कित्येक घरें गिरण्यांच्या भोंग्यावर चालत. १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि पुढील पिढीस चाकरीसाठीं इंग्रजीची गरज अधिकच भासूं लागली. महाराष्ट्रांत २००० सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकवितात हें खरें. परंतु ज्याच्या घरीं तें बोलणारें कोणी नाहीं, त्यास शाळेचा तास हाच आधार. तो तास व्याख्यांत गेला तर नुकसान त्याचेंच होतें.

यास्तव आमची सूचना अशी : प्रथम मुलांकडून त्यांच्याच गल्लींतील दोन लहान वाक्यें म्हणवून घ्यावीं, तीं मराठींत जोडवावीं, मग इंग्रजींत जोडवावीं, आणि कोणता शब्द गळला, कोणता हलला, हें त्यांसच शोधूं द्यावें. वाक्याचा प्रकार व त्याचें नांव अगदीं शेवटीं सांगावें. विद्यार्थिमित्रांनींही रोज अशीं पांच वाक्यें स्वतः रचावीं. दादरच्या फलाटावर गाडीची वाट पाहतांना तेवढा वेळ सहज मिळतो.