ताईकडून पैसे घ्यायचे का?

गोंदियाहून बालाघाटला आलं की कागदांची नावं बदलतात. सातबाऱ्याचा खसरा होतो, फेरफाराचं नामांतरण होतं. एक वाक्य मात्र दोन्हीकडे तेच ऐकू येतं : "लेकीकडून कसले पैसे घ्यायचे?"

आमचं बालाघाटचं घर बाबांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं, कौलारू. उन्हाळाभर माकडं छपरावर नाचतात, म्हणून पावसाआधी कवेलू फेरावेच लागतात. बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात कवेलू, चार वासे आणि मजुरी मिळून 27 हजारांचा हिशेब निघाला. दादा तिथेच राहतो, मी पुण्यात, ताई नागपुरात. दादाने माझ्याकडे निम्मे मागितले. त्याच्या मनात पाप नव्हतं, उलट ताईवर बोजा नको ही माया होती. आईचंही तेच मत.

पण ही माया बहिणींना महाग पडते. बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. अशा स्वकष्टार्जित घरात आई, मुलगे आणि मुली यांचा वाटा सारखा, हे हिंदू उत्तराधिकार कायद्यात 1956 पासूनच आहे. म्हणजे आमचे वाटे चार. मात्र त्याच कायद्यात कलम 23 होतं : कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी भाऊ मागत नाहीत तोवर बहिणीला मागता येत नसे. 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ते कलम गेलं. कायद्यातून गेलं, एवढंच. घराघरांत ते अजून आहे. आधी बहिणीला खर्च विचारत नाहीत, मग सल्ला विचारत नाहीत, आणि दहा वर्षांनी हक्कत्यागाचा कागद सहीसाठी पुढे येतो. तेव्हा ती काही बोललीच तर, "तू कधी एक रुपया घातलास का?"

मी म्हटलं, तिघांचे नऊ-नऊ हजार. आईचाही वाटा आहे, पण तिच्या पेन्शनला हात लावायचा नाही. तिचा खर्च आम्हा तिघांत. दादा घुश्शात म्हणाला, "तुम्ही पुणेवाले बहिणीलाही बिल पाठवता!" ताईने त्याच संध्याकाळी पैसे पाठवले आणि पाठोपाठ विचारलं : वासे सागाचे घेतले की साध्या लाकडाचे? पावती दाखवा.

आता वीज आणि नळाचं बिल दादाचं. मालमत्ता कर, छप्पर, भिंती, वाळवीचं औषध तिघांचं. दादाकडून भाडं का घेत नाही, असं माझे ऑफिसातले मित्र विचारतात. बंद घराची आमच्याकडच्या दोन पावसाळ्यांत काय गत होते ते त्यांनी पाहिलेलं नाही. शिवाय आईला दवाखान्यात तोच नेतो. त्याचा रकाना एक्सेलमध्ये कुठे घालणार?

घर राखतो म्हणून मोठे निर्णय मात्र त्याच्या एकट्याचे होत नाहीत. त्याला आता कवेलू काढून स्लॅब टाकायचा आहे. ही दुरुस्ती नव्हे, नवं बांधकाम. आईसकट सगळ्यांची लेखी संमती आधी हवी. एखाद्याने जास्त पैसे घातले तर ते उसने समजायचे की नाही, हेही आधीच लिहून ठेवायचं. ताईचा विरोध आहे, मे महिन्यात खाली भट्टी होईल म्हणते. आई तिच्या बाजूने. दादाने गवंड्याला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलंय.