हॅरी एवढा चिडतो का?

हॅरी पॉटरच्या चाहत्यांमधलं एक जुनं भांडण आज उकरून काढतोय. मालिकेतलं पाचवं पुस्तक, ‘ऑर्डर ऑफ द फिनिक्स’, २१ जून २००३ ला आलं. ते बऱ्याच जणांना आवडत नाही. कारण काय, तर हॅरी सारखा ओरडत असतो. साक्रीचा माझा भाचा नववीत आहे. तोही अर्ध्यावर वैतागला, "मामा, हाऊ हॅरी ते नुसता चिडस!"

चिडतो खरा. पण माझ्या मते म्हणूनच हा मालिकेतला सगळ्यात चांगला भाग आहे. (पुढे स्पॉयलर आहेत. वीस वर्षं उलटून गेली, आता काय लपवायचं!)

आपला फास्टर फेणे घ्या. भा. रा. भागवतांनी त्याची वीस पुस्तकं लिहिली. मला तो आजही प्रिय आहे. पण पुस्तक संपलं की सगळे व्हेरिएबल्स पुन्हा झिरो! फुरसुंगीचा बन्या पुढच्या पुस्तकात तसाच ताजातवाना, शाळकरीच. धमाल गोष्टीला ते शोभतंही. हॅरीचं तसं नाही. आधीच्या भागात त्याच्या डोळ्यांदेखत बरोबरचा मुलगा मारला गेला. ते सगळं ओझं घेऊन तो या भागात येतो. सरकार त्याला खोटारडा ठरवतं, पेपरवाले टिंगल करतात. एक बाई शिक्षा म्हणून अशा पेनानं लिहायला लावतात, की अक्षरं त्याच्याच हातावर कोरली जातात. आणि ज्या डंबलडोरवर त्याचा सगळा भरवसा, ते वर्षभर त्याच्याकडे बघतही नाहीत. का, ते कुणी सांगत नाही. सगळं म्हणे त्याच्या भल्यासाठी! सांगा, चिडू नये तर काय करावं?

खरी गंमत पुढे आहे. जादूनं त्याला स्नेपची एक जुनी आठवण बघायला मिळते. त्यात त्याचे वडील, तेव्हा शाळकरी पोरगा, केवळ कंटाळा आला म्हणून स्नेपला चारचौघांत उलटं टांगतात. ज्या बापाचं नाव घेऊन हॅरी जगला, तो बाप असा? तो वडिलांच्या मित्रांना विचारतो. ते सारवासारव करतात, की तेव्हा तो फक्त पंधरा वर्षांचा होता. पंधरा वर्षांचा तर हॅरीही आहे, आणि तो तसं तोंडावर सुनावतो. माझ्या लेखी हॅरी इथे मोठा झाला. जादूच्या कांडीशी त्याचा काही संबंध नाही.

बरं, लेखिका हॅरीलाही सोडत नाही. शत्रूनं दाखवलेल्या खोट्या दृश्यावर विश्वास ठेवून तो लंडनच्या मंत्रालयात धावतो आणि त्याला वाचवायला आलेला सिरियस मरतो. सिरियसशी बोलायचा आरसा हॅरीच्या ट्रंकेत न उघडता पडलेला असतो. फंक्शन लिहिलेलं होतं, कॉलच केलं नाही! आणि या चुकीला अन्डू नाही.

आपल्याकडे पंधरा वर्षांच्या पोराला सकाळी ‘एवढा घोडा झालास’ आणि संध्याकाळी ‘तुला काय कळतंय’ हे एकाच घरात ऐकायला मिळतं. साक्री काय, पुणे काय. त्याच्या हातात काय द्यायचं? फेणे मागे पडलेला असतो आणि ‘ययाति’ अजून लांब असते. प्रकाश नारायण संतांचा लंपन पुस्तकागणिक वाढतो, पण तो मोठ्यांनी बालपण आठवत वाचावा असा. मधली जागा जवळपास रिकामी. म्हणून मला वाटतं, हे चिडकं पुस्तक पोरांना वाचू द्यावं, आणि आईबापांनीही वाचावं.

कारण शेवटी डंबलडोर त्या पोरासमोर बसून कबूल करतात, की चूक माझी होती, तुला आधीच सांगायला हवं होतं. सबंध पुस्तकात मला हाच प्रसंग सगळ्यात अद्भुत वाटतो. आपल्या घरांत तर फारच.