नायट्रस किट बसवताय? आधी पेट्रोलचा हिशेब करा

चित्रपटात बटण दाबले की गाडी सुसाट सुटते. प्रत्यक्षात नायट्रस ऑक्साइड स्वतः जळतच नाही. इंजिनातल्या उष्णतेने तो फुटतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. वजनाने त्यात ऑक्सिजन ३६ टक्के, हवेत २३. या जादा ऑक्सिजनला जादा पेट्रोल लागतेच. ते कमी पडले, की इंजिन नॉक करते आणि पिस्टन वितळू शकतो. म्हणून मूळ इंजिनाला गॅससोबत पेट्रोलही फवारणारे ‘वेट किट’च बरे, ‘ड्राय किट’मध्ये सगळी भिस्त कंपनीच्या इंजेक्टरवर. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरच गॅस सोडणारा स्विच तर हवाच. पैसे वाचवायला लोक नेमका तोच गाळतात!

८०-९० अश्वशक्तीच्या हॅचबॅकला ५० अश्वशक्तीचा डोस म्हणजे निम्म्याहून जास्त. मेकॅनिक ‘काही होत नाही’ म्हणाला, तरी कनेक्टिंग रॉड तेवढ्यासाठी बनवलेला नसतो. त्यामुळे डोस लहान ठेवा, आणि तोही ट्रॅकवरच. रस्त्यावर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये मूळ रचना बदलता येणार नाही, असे बजावले. २०१९ च्या दुरुस्तीनुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो.