बंदिस्त सॉफ्टवेअर : ओसरीपर्यंतच

आमच्या देहूच्या गटाकडे चार जुने संगणक आहेत. एका कार्यालयाने नवे घेतले तेव्हा मिळालेले. रविवारी बचतगटाच्या बायका आणि चाकणला कंत्राटी कामावर जाणाऱ्या मुली शिकायला येतात. 2022 च्या सुरुवातीला आम्ही त्यांवर डेबियन टाकले. ही जगभरच्या स्वयंसेवकांनी 1993 पासून उभी केलेली मुक्त संगणकप्रणाली. कोणीही वापरावी, उघडून पाहावी, बदलावी, दुसरीला द्यावी. (इयान मरडॉक या तरुणाने नाव ठेवताना आपल्या नावाआधी मैत्रीण डेब्रा हिचे नाव जोडले. एवढे तरी श्रेय दिले!)

सगळे चालले, फक्त वायफाय जागे होईना. त्या चिपला फर्मवेअर नावाचा छोटा प्रोग्रॅम लागतो, आणि तो कंपनीचा, बंदिस्त. डेबियनच्या अधिकृत प्रतीत तो नव्हता. दोन रविवार फुकट गेले. मुली परत गेल्या, त्यातल्या दोघी पुन्हा आल्याच नाहीत. अखेर पुण्याच्या एका मुलाने फर्मवेअर घातलेली वेगळी, अनधिकृत प्रत पेनड्राइव्हवर आणून दिली.

त्यावरून आमच्यातच भांडण झाले. एक सहकारी म्हणाली, "बंदिस्त माल घ्यायचाच, तर चोरीच्या विंडोजने काय वाईट केले होते?" तिचा दुसरा मुद्दा मला जास्त लागला. स्वयंसेवकांनी कंपनीचा माल साठवायचा, वाटायचा, आणि तो बिघडला तर आतले दिसत नाही म्हणून दुरुस्तही करता येत नाही. ही फुकटची हमालीच नाही का? बिनपगारी राबणे म्हणजे काय, हे बायकांना कोणी सांगायला नको.

हा वाद डेबियनमध्येही जुनाच. 1997 च्या त्यांच्या सामाजिक करारात लिहिले आहे की बंदिस्त सॉफ्टवेअर आमच्या प्रणालीचा भाग नाही, पण ज्यांना ते लागते त्यांच्यासाठी वेगळा कप्पा ठेवू. 2004 मध्ये तो कप्पा काढून टाकावा का यावर मतदान झाले, कप्पा राहिला. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा मतदान होऊन फर्मवेअर अधिकृत प्रतीत घ्यायचे ठरले. 2023 च्या जूनमध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीत फर्मवेअरला स्वतंत्र कप्पा मिळाला. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला हे मान्य नाही. त्यांच्या शिफारशीच्या यादीत डेबियन नाही.

मी या निर्णयाच्या बाजूने आहे. काही मोजक्या वायफाय चिपांचे फर्मवेअर मुक्त आहे, पण त्या शोधून विकत आणाव्या लागतात. म्हणजे शुद्धतेची किंमत भरायची कोणी? जिला जुना, दान मिळालेला संगणक आहे तिनेच. सोवळे पाळणाऱ्या घरात पाणी कोण भरत होते, ते आठवावे. आणि हमालीचे म्हणाल, तर डेबियनच्या घटनेतच आहे की कोणावर कामाची सक्ती नाही. जिला हे पटत नाही तिने त्या कप्प्याला हात लावू नये.

पण ओसरीपर्यंतच. (ओसरी म्हटले की तिथेच कोणाकोणाला थांबवले जायचे तेही आठवते. इथे थांबवायचे आहे ते माणसाला नाही, कुलपाला.) कप्पा वेगळा हवा, त्यावर नाव हवे, आणि आपल्या यंत्रात काय शिरले हे शिकणाऱ्या मुलीला कळले पाहिजे. चोरीच्या विंडोजमध्ये नेमके हेच कळत नाही.

आणि आपले लिखाण ज्यात अडकते, ते ओसरीवरही नको. वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही बायकांची निवेदने एका बंदिस्त मराठी फॉण्टमध्ये टंकली होती. तो चालायला संगणकाच्या मागे कुलूप म्हणून एक डोंगल लावावे लागे. डोंगल बिघडले, विकणाऱ्याने हात वर केले. आज फाइल उघडली की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. मारहाण, पोटगी, घरातून काढणे, सगळे त्या कचऱ्यात आहे. चिप जागी करणारा प्रोग्रॅम उद्या बदलता येईल; त्यातल्या दोन बाया आता हयात नाहीत, त्यांचे बोलणे पुन्हा कुठून आणणार? इथे गाथा मंदिराच्या भिंतींवर अभंग कोरलेले आहेत, कोणीही उतरवून घ्यावेत.

त्या निवेदनांची छापील प्रत सुदैवाने एकीच्या ट्रंकेत सापडली. साठेक पाने आहेत. येत्या रविवारपासून युनिकोडमध्ये, लोहित या मुक्त फॉण्टात ती पुन्हा टंकायला बसतो आहोत. ज्यांना जमेल त्यांनी यावे.