समुद्रावरचा रस्ता कोणाचा?

सरकारने धंदा करू नये, हे सूत्र आज वेदवाक्यासारखे घोकले जाते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या फेरी सेवेचा इतिहास या घोकंपट्टीला चोख उत्तर आहे.

व्हँकुव्हर बेटाची मुख्य भूमीशी होणारी वाहतूक १९५८ पर्यंत कॅनेडियन पॅसिफिक व ब्लॅक बॉल या खाजगी कंपन्यांच्या हाती होती. त्या वर्षी दोन्हीकडे संप झाले आणि बेटाचे दळणवळण कोलमडले. प्रांताचे प्रमुख बेनेट हे समाजवादाचे कट्टर विरोधक. तरीही सरकारी फेरी काढण्याचा निर्णय त्यांनाच घ्यावा लागला. १५ जून १९६० रोजी दोन जहाजांनिशी सेवा सुरू झाली. १९६१ मध्ये ब्लॅक बॉलची तेथील सेवाही सरकारने विकत घेतली. फेरी हा राजमार्गाचाच तुकडा मानला गेला.

२००३ मध्ये वारे फिरले. सरकारी महामंडळाची स्वतंत्र कंपनी झाली आणि हिशेब बाजाराचा आला. पुढे भाडी चढत गेली. ज्यांना दुसरा रस्ताच नाही, त्या लहान बेटांना त्याचा चटका बसला. अखेर २०१८ मध्ये सरकारी पैशाच्या आधाराने लहान मार्गांवरील भाडे १५ टक्क्यांनी उतरवावे लागले.

जेथे मक्तेदारी अटळ, तेथे स्पर्धेची भाषा ही फसवणूक होय. प्रश्न एवढाच उरतो : मक्तेदार जबाबदार कोणाला, मतदाराला की ताळेबंदाला? कोकणची प्रवासी बोट बंद पडली तेव्हा हा प्रश्न पुरेशा जोराने विचारला गेला नाही. मांडव्याच्या रो-रो बोटीत चढणाऱ्यांनी तरी तो विचारावा.